मधल्या आकड्याचा कान

आमच्या सरांच्या टेबलावर बारा महिने तिळगुळाचा डबा असायचा. संक्रांतीला ठीक आहे हो, पण जूनमध्ये? जूनमधला तिळगूळ कधी खाल्लाय का कुणी? खवट होतो, हाताला चिकटतो आणि दाढेत जाऊन बसतो. पण ऑफिसात दोघांचं वाजलं की सर दोघांना केबिनमध्ये बोलवायचे, समोरासमोर बसवायचे, आणि बोलणं संपलं की तो डबा उघडायचे. दोघांनी एकमेकांना एकेक लाडू भरवायचा. हातात द्यायचा नाही, भरवायचा. माझ्या लग्नात मी नवऱ्याला घास भरवायला नाही म्हटलेलं, आणि इथे पन्नाशीला आल्यावर हे थेर.

ठाण्यात वर्तकनगरमध्ये एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली दुधाची डेअरी, वर दहावीचे क्लासेस, आणि मधे आम्ही संशोधक. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या शाळांमधल्या मुलांना ऐकू किती येतं, हे तपासायचं आमचं काम. कान तपासणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा. आधी हॉस्पिटलात केला, मग इथे आले. पोराला हेडफोन लावायचा, बारीक, जाड, हळू, मोठा असे आवाज द्यायचे, आवाज आला की त्याने बोट वर करायचं. सगळ्यात हळू कुठला आवाज ऐकू आला ते लिहून ठेवायचं. इतकं साधं काम आहे, पण नीट केलं तरच त्याला अर्थ. या अभ्यासाची एक गोष्ट मला मनापासून आवडलेली. ज्या पोराला कमी ऐकू येतं असं निघेल, त्याला संस्थेकडून कानाचं मशीन मिळायचं आणि शाळेला चिठ्ठी जायची, की या मुलाला पुढे बसवा, त्याच्याकडे तोंड करून बोला. त्या एका गोष्टीसाठी मी सरांना सहन करत होते.

सर माणूस म्हणून वाईट नव्हते. हे वाक्य मी दात ओठ खाऊन लिहितेय, पण खरं आहे. मी येण्याआधी त्यांच्या एका जुन्या टीममध्ये दोन मोठी माणसं भांडली, अशी भांडली की एकजण अर्धी टीम घेऊन निघून गेला आणि सरांचं ते काम बंदच पडलं. तेव्हापासून कुणी आवाज चढवला की सरांचा चेहरा पांढरा पडायचा. त्यांची भीती मला कळत होती. कीव मात्र यायची नाही, कारण ती भीती त्यांनी आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर नियम म्हणून बसवलेली.

त्यात कुणीतरी त्यांना कर्जतच्या बाजूच्या एका रिसॉर्टवर पाठवलं. विषय काय, तर सहकाऱ्यांमधले मतभेद कसे सोडवावेत. तिथे म्हणे मोठमोठ्या लोकांना गोल बसवून एकमेकांकडे चेंडू टाकायला लावला, आणि ज्याच्या हातात चेंडू त्यानेच बोलायचं. सर भारावून परत आले. चेंडू आणला नाही, एवढे उपकार. पण नियम आणले. ऑफिसात "चूक" हा शब्द वापरायचा नाही. "वेगळं निरीक्षण" म्हणायचं. वाक्याची सुरुवात "मला असं वाटतं" अशी करायची. आणि दोघांचे आकडे वेगळे आले तर पुन्हा मोजायचं नाही, कारण पुन्हा मोजणं म्हणजे एकावर अविश्वास दाखवणं. दोन्ही आकड्यांचा मध्य काढायचा आणि तो लिहायचा. तिळगूळ हा मात्र सरांचा स्वतःचा शोध. कर्जतवाल्यांना इतकी अक्कल नव्हती.

हसू नका, आम्ही खरंच असं काम करत होतो. एकदा वाद झाला की सर्दी झालेल्या मुलांचे कान तपासायचे की नाही. मी म्हटलं, तपासू नका, सर्दीत कान बंद असतात, आकडे खोटे येतात. दुसरं कुणी म्हणालं, तपासा, नाहीतर पावसाळ्यात पोरंच उरणार नाहीत. दोन्ही बाजूंना काही म्हणणं होतं, बसून बोललो असतो तर मार्ग निघाला असता. सरांनी मध्य काढला. मध्यम सर्दीची मुलं तपासायची, जोरदार सर्दीची नाही. मग आम्ही शिकलेसवरलेले लोक पोरांच्या नाकांकडे बघत उभे, ही मध्यम आहे की जोरदार. एक पोर माझ्यासमोर शिंकलं आणि त्याचा वर्ग बदलला.

आता ज्याच्याशी माझं वाजलं तो. त्याला मी डोंबिवलीकर म्हणते, कारण सकाळी आल्या आल्या डोंबिवलीत काय काय स्वस्त आणि मस्त मिळतं याचा पाढा तो वाचायचा. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, मला ताई म्हणायचा. हसरा, मनमिळाऊ, पोरांचा लाडका. रडत आलेलं पोर त्याच्याकडे पाच मिनिटांत हसायला लागायचं. माझ्याकडे हसत आलेलं पोर गप्प व्हायचं. माझा चेहराच तसा आहे, त्याला मी काय करू. पण त्याचा हा गोड स्वभावच कामाच्या मुळावर आलेला, आणि ते त्याला दिसत नव्हतं.

त्याचं असं होतं. आमची तपासणीची खोली म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याएवढी. आत पोर, बाहेर आम्ही, मधे काच. डोंबिवलीकर पोराला काचेकडे तोंड करून बसवायचा. "समोर माणूस दिसला की मुलं घाबरत नाहीत, ताई." बरोबर आहे, घाबरत नाहीत. पण समोरचा हा दादा बटण दाबताना खांदा हलवतो, आवाज दिला की भुवया वर करतो, आणि पोराने बोट वर केलं की शाब्बास म्हणून मान डोलावतो. पोरं काय खुळी असतात? दादाला खूश करायचं तर बोट कधी वर करायचं ते त्यांना आवाजाशिवायही कळतं. त्याच्याकडची बहुतेक पोरं ठणठणीत कानांची निघायची. मी आपली खुर्ची भिंतीकडे फिरवून बसवायचे. मग तो म्हणायचा, भिंतीकडे तोंड करून अंधाऱ्या खोलीत एकटं बसवलं तर घाबरलेलं पोर बोट कशाला वर करेल, तुमच्याकडे उगाच बहिरी निघतात. यातही तथ्य होतं, मी नाकारत नाही. हा खरा वाद होता, दोन शहाण्या माणसांत होतो तसा, आणि तो मिटवायलाच हवा होता.

मग ती मुलगी आली. कल्याणची, तिसरीत शिकणारी, दोन घट्ट वेण्या, आणि डोळे मोठ्ठे, तुमच्यावर खिळलेले. आई कल्याणच्या मार्केटला फुलांचे हार ओवून द्यायची, बाप रिक्षा चालवायचा. आईने दारातच तक्रार सुरू केली. "मॅडम, ही ऐकतच नाही. हाक मारली की बघते, पण सांगितलेलं करत नाही. दळण आण म्हटलं तर वेगळंच काहीतरी घेऊन येते. शाळेत बाई म्हणतात, लक्ष नाही. ह्या वर्षी तिसरीतच ठेवायचं म्हणतायत. हिचा बाप म्हणतो, डोक्याने कमी आहे, गावाला आत्याकडे टाकू, शाळा बंद. तुम्ही काय ते नक्की सांगा. कानाचं असेल तर मशीन लावू. कानाचं नसेल तर मग मी बघते हिच्याकडे." शेवटचं वाक्य बोलताना तिने मुलीच्या दंडाला धरून हलवलं. मुलगी आईच्या तोंडाकडे बघत होती.

म्हणजे आमच्या कागदावर काय येतं यावर त्या पोरीची शाळा राहायची की जायची हे ठरणार होतं. हे मी एकटीने नाही, सगळ्यांनी ऐकलेलं. सरांनीही ऐकलेलं, कारण सर तेव्हा दारातच उभे राहून सगळ्यांकडे बघून प्रेमळ हसत होते.

पहिली तपासणी डोंबिवलीकराने केली. मुलगी पहिल्या नंबराने पास. दोन्ही कान उत्तम. आमच्याकडे काही मुलांची दुसऱ्या माणसाने पुन्हा तपासणी करायची पद्धत होती, आणि त्यात ही निघाली म्हणून माझ्याकडे आली. मी खुर्ची फिरवली. जाडे आवाज तिने बरोबर पकडले. बारीक आवाज सुरू केले आणि बोट खालीच. आवाज वाढवला, तरी खाली. आणखी वाढवला, तेव्हा कुठे वर. दुसऱ्या कानाचंही तेच. मग मी उठले, खुर्ची काचेकडे फिरवली, बाहेर येऊन बसले, आणि बटण न दाबता नुसता खांदा हलवला, भुवया उडवल्या. आवाज नाही, काही नाही. पोरीने झटकन बोट वर केलं, आणि माझ्याकडे बघून हसली.

मला तिथल्या तिथे रडू आलं. मी रडणारी बाई नाही. पण ते हसू बघून आलं. किती वर्षं ती अशी माणसांची तोंडं वाचत जगत असेल. ढोल ऐकू येतो, हॉर्न ऐकू येतो, आईची हाकही येते. फक्त हाकेच्या पुढचं जे बारीक असतं, ज्याने दळण आणि दळण सोडून बाकी सगळं यातला फरक कळतो, ते तिच्यापर्यंत पोचतच नाही.

मी डोंबिवलीकराला सांगितलं. शांतपणे सांगितलं असं मी म्हणेन, तो म्हणेल ओरडले. "अरे, ती तुझ्या खांद्याकडे बघून बोट वर करते. बिनआवाजाचं करून बघितलं मी." त्याला लागलं. त्याचा चेहरा उतरला आणि मग तो अडून बसला. "ताई, ती कंटाळली असेल. तुमच्या पुढ्यात पोरं घाबरतात हे सगळ्यांना माहितीये." मी म्हटलं, चल, दोघं मिळून पुन्हा करू, आत्ता, आई बाहेरच बसलीये. तो बहुतेक हो म्हणणार होता. तेवढ्यात सर आले. आमचे आवाज ऐकून आले. त्यांचा चेहरा पांढरा, आणि हातात डबा.

केबिनमध्ये जे झालं ते आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. सर म्हणाले, "मॅडम, आधी तुम्ही. फक्त मला असं वाटतं, असं म्हणून."

"मला असं वाटत नाहीये सर, मी बघितलंय. मुलीला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. याची तपासणी चूक झालीये."

"वेगळं निरीक्षण," सर हळूच म्हणाले.

"कान एकच आहे ना सर? मग त्याला एकतर ऐकू येतं नाहीतर येत नाही. आम्ही दोघं एकत्र पुन्हा तपासतो. अर्ध्या तासाचं काम आहे."

सरांनी डोळे मिटून घेतले, देवापुढे उभं राहिल्यासारखे. "मॅडम, हा प्रश्न कानाचा नाहीये. हा विश्वासाचा आहे. आज पुन्हा तपासलं आणि कुणा एकाचं खोटं पडलं, तर उद्या तुम्ही दोघं एकत्र काम कसं कराल? आपली टीम म्हणजे आपलं कुटुंब आहे."

मला म्हणायचं होतं, की माझं कुटुंब घरी आहे आणि ते मला पुरेसं डोक्याला ताप देतं, दुसरं नको. पण डोंबिवलीकर मान खाली घालून बसलेला, आणि त्याला सुटका हवी होती हे दिसत होतं. सरांनी दोघांचे कागद शेजारी ठेवले. त्याचा आकडा अधिक माझा आकडा, भागिले दोन. प्रत्येक आवाजाला, दोन्ही कानांना. माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी असा एक कान तयार केला जो जगात कुणाच्याच डोक्याला लावलेला नाही. त्या मुलीचा नाही, तिच्या आईचा नाही, कुणाचाच नाही. आणि मग आनंदाने म्हणाले, "बघा, मध्य काढला तर मशीन द्यायच्या रेषेच्या अलीकडेच येतंय. किंचित कमी, पण मशीनची गरज नाही. आपण लिहू, श्रवणशक्ती सर्वसाधारणपणे समाधानकारक. कुणाचंच मन दुखलं नाही."

कुणाचंच मन. त्या खोलीत बसलेल्या तिघांपैकी कुणाचंच नाही, हे मात्र अगदी बरोबर. पोरगी बाहेर बाकावर होती, तिचं मन हिशोबात धरायचा नियमच नव्हता. मी सरांना म्हटलं, मी यावर सही करणार नाही. सर म्हणाले, तुमची सही नसली तरी चालेल, मी टीमप्रमुख म्हणून करतो, तुम्हाला त्रास नको. इतकं प्रेमाने म्हणाले की कानशिलात वाजवावीशी वाटली. मग डबा उघडला. डोंबिवलीकराने लाडू घेऊन माझ्या तोंडाशी धरला. मी म्हटलं, माझी दाढ दुखतेय, तूच खा. त्याने खाल्ला, कारण हातात धरून तरी किती वेळ बसणार.

लोकांना वाटतं मतभेद मिटवणं म्हणजे फार मोठं शहाणपण. मी आयुष्यभर हॉस्पिटलात मोठमोठ्या डॉक्टरांना एकमेकांवर खेकसताना बघितलंय, एकमेकांच्या तोंडावर फायली आपटताना बघितलंय, आणि तरी पेशंट बरा होऊन घरी गेलेला बघितलाय, कारण ते पेशंटसाठी भांडत होते. आमच्याकडे कुणी आवाज चढवत नव्हतं. आमच्याकडे सगळे एकमेकांना जपत होते. बशीतल्या लोण्यासारखे गुळगुळीत लोक, सगळे. दर शुक्रवारी एकमेकांचं कौतुक करायचं, कुणी काय चांगलं केलं ते सांगायचं, टाळ्या वाजवायच्या. आणि पोरांच्या कानांचे आकडे भागिले दोन.

सर स्वतः रिपोर्ट द्यायला बाहेर गेले. त्यांना ते काम आवडायचं. आम्ही दोघं मागे उभे. सरांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि आईला म्हणाले, "काही काळजी करू नका ताई. तुमच्या मुलीची श्रवणशक्ती सर्वसाधारणपणे समाधानकारक आहे."

आईला तेवढं अवघड मराठी कळलं नाही. "म्हणजे ऐकायला येतंय?"

"हो, हो. तसं येतंय."

"मशीनबिशीन?"

"गरज नाही."

बाईचा चेहरा बदलला. मला वाटलेलं तिला बरं वाटेल. पोरगी धडधाकट निघाली तर कुठल्याही आईला बरंच वाटणार ना. पण तिच्या दृष्टीने आम्ही तिला सांगितलेलं, की तुझी मुलगी गेली कित्येक वर्षं सोंग करतेय. ती वळली आणि तिने पोरीच्या थोबाडीत मारली. आवाज घुमला त्या पॅसेजमध्ये. "ऐकू येतं ना तुला? येतं ना? मग दुनियेला का नाचवतेस? तुझ्यापायी मी दुपारचं काम सोडून इथे येऊन बसते." आणि दुसरी उगारली.

सर दोन पावलं मागे सरकले. खरंच सांगते, मागे सरकले. भांडण, आवाज, मारामारी, त्यांना जे जे सहन होत नव्हतं ते सगळं एकदम त्यांच्या पॅसेजमध्ये आलेलं, आणि त्यांच्या रिपोर्टमुळे आलेलं. "ताई, शांत व्हा, शांत व्हा," एवढंच ते म्हणत राहिले.

मी पुढे होणार तोच डोंबिवलीकर पुढे झाला. त्याने बाईचा उगारलेला हात धरला. रागाने नाही, पण घट्ट. पोरगी गालाला हात लावून त्याच्याकडेच बघत होती, तिच्या आवडत्या दादाकडे. आणि त्याच्या चेहऱ्यावर मी जे बघितलं त्यानंतर त्या माणसाला मी कधी फार बोलले नाही. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "ताई, पुन्हा करू. आत्ताच्या आत्ता. खुर्ची तुम्ही म्हणता तशी."

"ती घाबरेल," मी म्हटलं. आता मी त्याची बाजू बोलत होते.

"आईला आत शेजारी बसवू. मग नाही घाबरणार. हेडफोन नको, आवाज स्पीकरवर देऊ. आईलाही ऐकू देत."

इतकं सोपं होतं. माझी भिंत आणि त्याची धीर द्यायची सोय, दोन्ही एकत्र. त्याचा आकडा नाही, माझा नाही, दोघांच्या मधला तर अजिबात नाही. त्या मुलीचा स्वतःचा आकडा मिळेल अशी एक खुर्ची. कर्जतच्या रिसॉर्टवर हे कुणी शिकवलं नसावं. सरांनी "पण आपण तर आत्ताच" असं काहीतरी सुरू केलं. आमच्यापैकी कुणीच वळून बघितलं नाही.

खुराड्यात खुर्ची भिंतीकडे फिरवून मुलीला बसवलं, शेजारी स्टुलावर आई, अजून रागाने फुसफुसणारी. बाहेर मशीनवर डोंबिवलीकर बसला, मी त्याच्या मागे उभी. सर माझ्या मागे. जाडे आवाज आले, मुलीने बोट वर केलं, आईने आमच्याकडे वळून बघितलं, बघा म्हटलं ना, अशा नजरेने. मग बारीक आवाज सुरू झाला. आईला तो स्वच्छ ऐकू आला, तिने लगेच मान वर केली. मुलगी भिंतीकडे बघत स्वस्थ बसलेली. आईने तिला कोपराने ढोसलं. "अगं वाजलं की." डोंबिवलीकराने काचेतून हात हलवून सांगितलं, तिला खुणावू नका. आवाज वाढवला. मुलगी स्वस्थ. आणखी वाढवला, इतका की आईने कपाळाला आठ्या घातल्या. मुलगी स्वस्थ, आपल्या वेणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत. आई आता तिच्याकडे बघत होती. आवाज तसाच चालू होता. बाई हळूहळू पुढे वाकली, आणि पोरीच्या कानाजवळ तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली. काय ते आम्हाला ऐकू आलं नाही. पोरीलाही नाही. ती हललीच नाही.

डोंबिवलीकराने मशीन बंद केलं. त्याला पुढे तपासायची गरज नव्हती आणि मलाही नव्हती. आम्ही दार उघडलं तेव्हा बाई पोरीचा लाल झालेला गाल तळहाताने चोळत बसलेली, मारलेलं पुसून निघणार असल्यासारखी.

"घरी ही माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसते," ती म्हणाली. कुणाला म्हणत होती कळत नव्हतं. "मी म्हणायची, आईला डोळे दाखवतेस काय. त्याचेच फटके जास्त खाल्लेत हिने."

डोंबिवलीकर तिच्यासमोर खाली बसला आणि म्हणाला, "माझी चूक झाली ताई. पहिल्यांदा मी नीट तपासलं नाही." आमच्या ऑफिसात बंदी असलेला शब्द त्याने सरळ वापरला. मशीन मिळेल, शाळेला चिठ्ठी मी स्वतः घेऊन जाईन, तिसरीत ठेवू देणार नाही, असं मीही बोलले. बाई ऐकत होती. मग तिने मान वर करून आम्हा तिघांकडे बघितलं.

"म्हणजे तुम्हाला आधी माहीत होतं?" तिने मला विचारलं. "तुम्ही मघाशी तपासलं तेव्हाच कळलं होतं ना मॅडम? मग मला चांगलं आहे असं का सांगितलं?"

मी सरांकडे बघितलं. ते काम सरांचं होतं. सर घसा खाकरून म्हणाले, "ताई, त्याचं असं आहे, की आमच्यात थोडं वेगवेगळं मत होतं."

"मत तुमच्यात वेगळं होतं," बाई म्हणाली, "मग मार हिने का खाल्ला?"

खाली डेअरीवाल्याने शटर ओढलं, त्याचा मोठा आवाज वर आला, तेवढाच. आईच्या मांडीला टेकून उभी असलेली पोरगी आमच्या तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होती, आधी सरांच्या, मग डोंबिवलीकराच्या, मग माझ्या, कोण काय बोलतंय ते कळावं म्हणून. आणि आमच्यातलं कुणीच काही बोलत नव्हतं.